पोटातला पाहुणा

इस्तारी आत्राम यांनी कित्येक वर्षांत आकाश पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीचे मणके एकमेकांत सांधले जाऊन एकच हाड झालं होतं आणि ते हाड पुढे झुकलेलं होतं. मान वर करायची तर सगळं अंग मागे न्यावं लागे, आणि अंग मागे जात नसे. ढग आलेत का, हे ते सुनेला, सुगंधाला विचारत. तरी मोहपोडचे नाईक तेच होते. तेलंगणाच्या सीमेलगतच्या टेकड्यांमधली ती कोलाम आदिवासींची लहानशी वस्ती, म्हणजे पोड. तिथे शेवटचा शब्द इस्तारींचा असे. चावडीत बसून, जमिनीकडे बघत, ते तो शब्द देत.

वाकलेली माणसं मोहपोडमध्ये घरोघरी होती. मुलांचे दात उगवतानाच तपकिरी ठिपक्यांचे उगवत. चालायला लागलेल्या लेकरांचे गुडघे एकमेकांवर घासत. बाहेरच्या लोकांना वाटायचं, हे कोलामांच्या रक्तातच असेल. खरं तर ते पाण्यात होतं. वस्तीत शासनाने बोअर मारली त्याआधी इथली माणसं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पीत आणि ताठ चालत. बोअर खोल गेली, खडकापर्यंत. त्या खडकात फ्लोराइड होतं. वर्षानुवर्षं दगडात मुरलेलं ते पाणी चवीला गोड लागे, दिसायला नितळ असे. पोटात गेलेलं फ्लोराइड हाडांतल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं आणि हाड जाड, ठिसूळ, वेडंवाकडं करून सोडतं. एकदा वाकलेलं हाड पुन्हा सरळ करणारं औषध नव्हतं.

खाली नदीकाठी देवनाळा होतं. मोठं गाव, शाळेचं, आठवडी बाजाराचं. तिथे धरणाचं पाणी नळाने येत होतं. ती जलवाहिनी मोहपोडपर्यंत वर आणायची योजना सुगंधा लग्न होऊन आली तेव्हाच मंजूर झालेली होती. तिची मुलगी तनुजा जन्मली, रांगली, चालायला लागली. पाइप मात्र देवनाळ्याच्या वेशीवरच रचून ठेवलेले होते.

विद्यापीठाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा तनू तीन वर्षांची होती.

याआधीही माणसं येत. रक्त नेत, लघवीच्या बाटल्या नेत, लोकांना उभं करून फोटो काढत आणि जात. डॉ. मृण्मयी खांबेटे आल्या, त्यांच्या हातात बाटल्या नव्हत्या. त्या चावडीत खाली बसल्या. आमच्याकडे एक गोष्ट तयार होते आहे, ती तुमच्या उपयोगाची असेल असं वाटतं, पण ती इथे आणायची की नाही हे तुम्ही ठरवा, असं म्हणाल्या. प्रकल्पाचं नाव ‘आरोग्यसमता भागीदारी’. निर्णय घेणाऱ्या समितीत निम्मी माणसं विद्यापीठाची, निम्मी वस्तीची.

पहिल्या बैठकीत मोहपोडने नाही म्हटलं. खांबेटे बरं म्हणून परत गेल्या. हे त्या वस्तीत आजवर कधी घडलं नव्हतं. मग इस्तारींनीच निरोप धाडला, की पुन्हा या, नीट सांगा.

खांबेट्यांनी नीट सांगितलं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांतला एक निरुपद्रवी जिवाणू घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेने त्याला नवं काम शिकवलं होतं. अन्नपाण्यातून आलेलं फ्लोराइड रक्तात उतरण्याआधीच तो पकडायचा, थोड्या कॅल्शियमबरोबर प्रथिनांच्या बारीकशा डबीत बंद करायचा आणि डबी शौचावाटे बाहेर टाकायचा. पाणी तेच राहील. हाडापर्यंत विष पोचणार नाही.

“अन तो आमच्या पोटातून बाहेर निंगून कुठी गेला तं?” सुगंधाने विचारलं. ती बारावीपर्यंत शिकलेली होती आणि वस्तीने तिला समितीवर निवडून दिलं होतं.

“जाऊ शकत नाही. त्याला कुलूप घातलंय,” खांबेटे म्हणाल्या. “जगायला त्याला एक पदार्थ लागतो. तो निसर्गात कुठेच नाही. आम्ही तो तयार करतो आणि भुकटी करून देऊ. दर आठवड्याला ती खाल्ली तर जिवाणू जगेल. नाही खाल्ली तर पंधरवड्यात मरेल. पोटाबाहेर पडला तरी मरेल.”

“म्हंजे पोटात पाहुना ठेवाचा,” इस्तारी जमिनीकडे बघत म्हणाले, “अन त्याले खाऊ तुमी देनार.”

सगळे हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव पाहुणा पडलं आणि गुलाबी भुकटीचं नाव खाऊ.

मोहपोडने अटी घातल्या. कुणाचंही रक्त विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. नळाच्या पाण्याची मागणी जशी आहे तशीच राहील. खांबेट्यांनी दोन्ही मान्य केल्या, आणि मनापासून केल्या. सुगंधा घरोघरी फिरली. म्हाताऱ्यांना तिने कोलामीत समजावलं. शेजारणींसमोर पाहुण्याच्या औषधाचा पहिला घोट स्वतः घेतला, दुसरा तनूला पाजला.

*

पुढची चार वर्षं मोहपोडला चांगली गेली.

नव्या लेकरांना पांढरे दात आले. रात्री पाय चोळून मागणारी माणसं कमी झाली. मोठ्यांची हाडं सरळ झाली नाहीत, पण दुखणं ओसरलं. इस्तारी काठी सोडून चावडीपर्यंत जाऊ लागले. तनू सात वर्षांची झाली. ती टेकडीवरून धावत खाली येई तेव्हा तिचा बाप परशराम बांबूची टोपली विणता विणता थांबून बघत राही. त्या वस्तीत मुलं धावत नसत. धावणारं लेकरू बघायची कुणाच्या डोळ्यांना सवयच नव्हती.

याच काळात डोंगरातला झरा सुटला. पूर्वी गर्भार बायांसाठी तरी कुणी चढून तिथलं पाणी आणत असे. आता बोअरचंच पाणी चालत होतं. अभयारण्याचं कुंपण पुढे सरकलं, वाट बंद झाली, आणि कुणी भांडायला गेलं नाही.

विद्यापीठाने या यशावर शोधनिबंध लिहिला. त्यावर खांबेट्यांच्या नावासोबत सुगंधा आत्राम हे नावही छापून आलं. कोलाम बाईचं नाव असं पहिल्यांदाच छापलं जात होतं. खांबेट्यांनी त्यासाठी विद्यापीठात वाद घातला होता. मोहपोडमध्ये फ्लोराइडचा धोका आता नियंत्रणात आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. ते खरंही होतं.

जिल्ह्याच्या बैठकीत सुगंधा नळाचं विचारायला गेली, तेव्हा तेच वाक्य तिला वाचून दाखवलं गेलं.

“हे तुमचंच आहे ना?” अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं. तो उर्मट नव्हता. “बाई, जिल्ह्यात अजून कितीतरी वस्त्या तेच पाणी पितात आणि त्यांच्याकडे तुमच्यासारखा उपाय नाही. पाइप मोजके आहेत. गरज जास्त तिथे आधी, हीच समता ना? मोहपोडची जोडणी आम्ही दुसरीकडे वळवली आहे.”

सुगंधा उठली. त्या दुसऱ्या वस्तीतही वाकलेली माणसं असणार, हे तिला ठाऊक होतं. बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली. आपल्याला कुणी फसवलेलं नाही आणि तरीही आपण फसलो आहोत, हे घरी कसं सांगायचं, याची ती जुळवाजुळव करत होती.

*

त्यानंतरच्या वर्षी खाऊ बंद झाला.

भुकटी परदेशातल्या एकाच कारखान्यात बनत असे. ज्या निधीतून ती विकत घेतली जाई, त्या निधीचा रोख दुसऱ्या आजाराकडे वळला. खांबेट्यांनी विद्यापीठात, मंत्रालयात, जिथे दार उघडं दिसलं तिथे खेटे घातले. प्रकल्प यशस्वी झाला, म्हणजे प्रकल्प संपला, असं त्यांना सगळीकडे सांगण्यात आलं. उरलेला खाऊ लहान मुलांना आधी, असं मोहपोडने ठरवलं. तोही संपला.

पाहुणा गेला. वस्तीतल्या सगळ्यांना वाटलं, आता पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं म्हणजे हळूहळू, वर्षानुवर्षांनी. तसं झालं नाही.

तनूने पहिल्यांदा पाय दुखतात म्हटलं तेव्हा सुगंधाने तेल लावून चोळले. महिनाभरात ती धावायची थांबली. मग मुलं एकामागून एक थांबली. पोळा आला तेव्हा बैलांमागे पळणारं लेकरू मोहपोडमध्ये उरलं नव्हतं. तनूचे गुडघे आत वळायला लागले होते. पाय जवळ घेऊन उभी राहिली की घोटे एकमेकांपासून लांब राहत.

खांबेटे आल्या, मुलांना तपासलं आणि चावडीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“हे आम्हाला आधी कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “पाहुणा फ्लोराइड पकडताना थोडं कॅल्शियम घेत होता. अंगाने ते भरून काढायला हाडं भराभर मोडून भराभर बांधायची सवय लावून घेतली. मोठ्यांत कमी, वाढत्या मुलांत जास्त. पाहुणा होता तोवर त्याने काही बिघडलं नाही. आता तो गेला आणि सवय राहिली. घाईने बांधलं जाणारं हाड समोर येईल ते उचलतं. आधी दहा वर्षांत जेवढं विष साठलं असतं, तेवढं आता वर्षा-दोन वर्षांत साठेल.”

मागून एक बाई रडायला लागली आणि थांबली.

“एक संस्था पैसे द्यायला तयार आहे,” खांबेटे खाली बघून म्हणाल्या. “खाऊसाठी नाही. पाहुणा काढून घेतल्यावर मुलांच्या हाडांचं काय होतं, त्याच्या अभ्यासासाठी. मला तुम्हाला हे सांगायचंही नव्हतं. पण तुमच्यापासून लपवणार नाही असं मी कबूल केलं होतं.”

“तुमी काय म्हनलं त्यायले?” सुगंधाने विचारलं.

“मी उठून आले.”

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, त्या पुन्हा आल्या. एकट्याच, विद्यापीठाच्या गाडीतून नाही, भाड्याच्या रिक्षातून. परशराम बाजाराला गेला होता. तनू आत खाटेवर पडली होती. खांबेट्यांनी पिशवीतून एक थर्मास काढून सुगंधासमोर ठेवला.

“हा पाहुणाच आहे,” त्या म्हणाल्या. “याचं कुलूप मी काढलंय. याला खाऊ लागत नाही. एकदा पोटात गेला की राहील, जन्मभर. तनूचं हाड आणखी बिघडायचं लगेच थांबेल. सगळ्या मुलांचं थांबेल.”

सुगंधाने थर्मासला हात लावला नाही. “अन बाहेर पडला तं?”

“बाहेरही जगेल.”

“मंग तो वढ्यात जाईन. वढा देवनाळ्याले जाते.”

“हो.”

“त्यायच्या पान्यात तं इख नाई. तिथी तो काय करन?”

खांबेट्यांनी थर्मासचं झाकण चाचपलं. “बहुधा काहीच नाही. पण फ्लोराइड मिळालं नाही तर तो नुसतं कॅल्शियम उचलेल, असंही होऊ शकतं. मोठ्या माणसांना ते जाणवणार नाही. गर्भार बाईला, तान्ह्या बाळाला… मी खात्रीने नाही सांगू शकत. आणि एकदा नदीत गेला की परत बोलावता येणार नाही. देवनाळ्यापुढेही नदी आहेच.”

“तुमाले तं तुरुंगात टाकतील.”

“टाकतील. पण सुगंधाताई, तुमच्या मुलांना मी इथवर आणून सोडलं. आता नियम पाळून घरी बसू?”

आतून तनूने कूस बदलल्याचा आवाज आला, आणि त्यामागून दाबलेला हुंदका. सुगंधा उठून आत गेली, तिचे पाय उशीवर ठेवून आली.

“देवनाळ्याले इचारा लागन,” ती म्हणाली.

“विचारा,” खांबेटे म्हणाल्या. “पण विचारलंत तर ते हो म्हणणार नाहीत. ते हो म्हणूच शकत नाहीत. हे समजून विचारा. मी थर्मास ठेवून जाते. काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी कुणालाही दोष देणार नाही.”

त्या गेल्यावर सुगंधाने ओट्यावर बसलेल्या सासऱ्याला सगळं सांगितलं. इस्तारी ऐकत राहिले. त्यांच्या नजरेसमोर नेहमीसारखी जमीन होती आणि त्यांचे स्वतःचे सुजलेले पाय.

“मामाजी, काय करू?”

“तनूचा आजा म्हनून इचारशील, तं ते आत्ताच तिच्या तोंडात घालतो,” ते म्हणाले.

“अन नाईक म्हनून?”

इस्तारींनी तोंडावरून हात फिरवला. “बोअर मारली तवा मी जवान होतो. साहेब लोक आले, मशीन लावली, पानी काढलं. चांगल्यासाठीच काढलं. खाली कोनता दगड हाय, हे कोनी पायलं नाई, अन आमाले कोनी इचारलं नाई.” ते थांबले. “मले बोलता येत नाई बाई. तू जाय म्हनता येत नाई, नको जाऊ बी म्हनता येत नाई.”

सुगंधाने थर्मास धान्याच्या कणगीमागे ठेवला. परशरामला तिने काहीच सांगितलं नाही. आपण त्याला का सांगत नाही आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

देवनाळ्याच्या सरपंच अर्चना गोहोकार. सुगंधाची आणि त्यांची बाजारातली ओळख होती. परशरामच्या सुपांशिवाय त्या दुसरं सूप घेत नसत. सुगंधा गेली तेव्हा त्यांची सून बाळंत होऊन घरी आलेली होती. पाळण्यात बाळ झोपलं होतं. सुगंधाने पाळण्याकडे बघितलं, आणि आपण कशासाठी आलो ते सांगायला सुरुवात केली. काहीच आडपडदा ठेवला नाही. फक्त खांबेट्यांचं नाव घेतलं नाही.

अर्चनाताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुह्या पोरीचं ऐकून माह्या पोटात तुटते. खरंच तुटते. पन हे मी हो कशी म्हनू? ह्या बाळाकडे पाहून तूच सांग.”

“नका म्हनू हो,” सुगंधा म्हणाली. “मी इचाराले आलती. तुमी नाई म्हनल्या, तं नाई.”

“अन मी नाई म्हनल्यावर तू ते वापरनार नाई, हे मी कशावरून समजू?”

“मले वापराचंच असतं तं आलीच नसती.”

“ते मले पटते,” अर्चनाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पन तुमच्या पोडात एवढी घरं हायत. एवढी लेकरं रडून रायली. एखाद्या माय-बापानं उद्या ते उचललं तं? मी गावाची सरपंच हावो, सुगंधा. मले सांगाच लागन.”

सुगंधा घरी पोचायच्या आधी तहसीलला फोन गेला होता.

देवनाळ्यात बातमी पसरली होती, परशरामला ती वाटेतच कळली. तो बाजारातून तसाच धावत आला होता. त्याने घर धुंडाळलं, कणगीमागे हात घालून थर्मास बाहेर ओढला, आणि सुगंधाने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“सोड,” तो म्हणाला. “पोलीस यायच्या आधी पाजू दे तिले. फक्त तिले. एकटीनं काय होते?”

“एकटीच्या पोटातूनच वढ्यात जाते ते.”

“जाऊ दे! त्यायची पोरं धावतात ना? नळ हाय ना त्यायले?” त्याचा आवाज फाटला. “तू हिची माय हायस का त्यायची?”

सुगंधाने थर्मास सोडला नाही. परशरामच्या हातांत जास्त जोर होता, त्याला तो सहज हिसकून घेता आला असता. तनू दाराला धरून उभी होती आणि दोघांकडे बघत होती. परशरामने तिच्याकडे बघितलं, हात काढून घेतला, आणि ओट्याच्या कडेला जाऊन तोंड फिरवून बसला. पोलिसांच्या गाड्या वर येईपर्यंत तो तसाच बसून होता.

*

पुढचं सगळं फार लवकर झालं.

पांढऱ्या पोशाखातली, तोंड झाकलेली माणसं आली. थर्मास सीलबंद पेटीत गेला. खांबेट्यांनी स्वतःच जाऊन सगळं कबूल केलं. विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं, खटला भरला गेला, आणि भागीदारीच्या समितीचं एका ओळीच्या आदेशाने विसर्जन झालं. मोहपोडच्या प्रत्येक माणसाची विष्ठा तपासली. पाहुणा कुणाच्याच पोटात नव्हता. तसं जाहीरही झालं.

पण ते जाहीर झालेलं कुणी ऐकलं नाही. कोलामांच्या पोटात जंतू आहेत, एवढंच ऐकलं गेलं. बाजारात परशरामची सुपं कुणी उचलेना. देवनाळ्याच्या शाळेत मोहपोडच्या मुलांना वेगळा रांजण ठेवला. ओढ्यावर मोहपोडच्या बायांनी धुणं धुवू नये, म्हणून खालच्या लोकांनी मोर्चा काढला. मोर्चात एकच मागणी होती. मोहपोडला स्वतःचं पाणी द्या आणि स्वतःचे संडास द्या, म्हणजे त्यांचं काही खाली येणार नाही.

ती मागणी तातडीने मान्य झाली. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हापासून जे रखडलं होतं, ते उन्हाळा संपायच्या आत झालं. मशीन आल्या, टेकडी खणली, पाइप पुरले, आणि एका सकाळी चावडीसमोरच्या नळाला धरणाचं पाणी आलं. फीत कापायला कुणी पुढारी आला नाही. मुकादमाने चावी फिरवली, जोर बघितला, आणि पाणी न पिता तो गाडीत बसून गेला.

नळ आला त्या दिवशी इस्तारी चावडीत होते. सुगंधाने त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी एक घोट घेतला. “अळनी लागते,” ते म्हणाले, आणि उरलेलं प्यायले. पुढच्या थंडीत ते वारले. आडवं करताना त्यांची पाठ जमिनीला टेकली नाही. त्यांना कुशीवर ठेवूनच नेलं.

लहान मुलांची हाडं बिघडायची थांबली, काहींची थोडी सावरलीही. ज्यांचं वय अडनिडं होतं, त्यांना उशीर झाला होता. तनू त्यांतली. तालुक्याला एका पायाचं ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्याचं करून उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले.

परशराम सुगंधाशी बोलत असे. कामापुरतं बोले, जेवायला बसे, पोरीला पाठीवर घेऊन शाळेत सोडून येई. पण जी गोष्ट मोडली होती, ती दोघांनीही पुन्हा हातात घेऊन पाहिली नाही.

*

खांबेटे आल्या तेव्हा तनू अकरा वर्षांची होती. खटला अजून चालूच होता. त्या दूरच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होत्या. केस पांढरे झाले होते. त्या एसटीने देवनाळ्याला उतरून तिथून चालत वर आल्या. परशरामने त्यांना येताना पाहिलं, रामराम घातला आणि कोयता घेऊन बांबूच्या रानाकडे निघून गेला.

सुगंधाने चहा केला. दोघी ओट्यावर बसल्या. सुरुवातीला फारसं बोलणं झालं नाही. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, एवढंच.

“मी तेव्हा न सांगता पाण्यात टाकून निघून गेले असते तर,” खांबेटे एकाएकी म्हणाल्या. “तुमच्यावर आलंच नसतं हे. मी रोज तोच विचार करते.”

“मी बी करतो.”

“मग काय वाटतं?”

“सकाळी तनूले उठवतो तवा वाटते, टाकाले पायजे होतं,” सुगंधा म्हणाली. “मंग बाजाराच्या दिवशी अर्चनाताईचा नातू दिसते. धावत असते दुकानासमोर. तवा काही वाटाचं रायत नाई. मंग घरी येतो, अन पुन्हा वाटते.” तिने चहाचा रिकामा कप बाजूला सारला. “हे सरत नाई, मॅडम. तुमचंबी सरनार नाई.”

खांबेट्यांनी मान हलवली.

तेवढ्यात तनू दारात आली. तिला चावडीपाशी मैत्रिणींकडे जायचं होतं. ओट्याला तीन उंच पायऱ्या होत्या. सुगंधा सवयीने उठायला गेली, पण खांबेटे आधी उठल्या. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

“तनू, मी धरू का तुला?”

तनूने त्या हाताकडे पाहिलं. ही बाई कोण, हे तिला माहीत होतं.

“नको,” ती म्हणाली.

खांबेट्यांनी हात मागे घेतला. तनूने भिंत धरली, चांगला पाय खाली टाकला, मग दुसरा ओढून घेतला. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, ती खाली पोचेपर्यंत.